काठाला, दोन्हीकडे सारखा

१२ फेब्रुवारी

वन्सं,

मायना मनातल्या मनात वाचून घ्या, कारण घरात कागद एकच सापडलाय आणि तक्रारी पुष्कळ आहेत.

तुमच्या दादांनी होडी आणलीय. बंद पडलेल्या बोटिंग क्लबातली, फायबरची, रंग उडालेली. वल्ही दोन आहेत, पण एकमेकांची नाहीत. मागच्या अंगणात बरोबर कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली ती आणून ठेवलीय, त्यामुळे चादर वाळत घालायची म्हणजे मला आधी होडीत चढावं लागतं. शेजारीण रोज विचारते, निघालात का?

कशाला आणली म्हणून विचारलं तर म्हणाले, मासे धरायला. ताटात मासा दिसला तर पान सोडून उठणारा हा माणूस! आणि पोहता येत नाही ते वेगळंच.

मी काही बोलले नाही. कारण मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांना कळता कामा नये. वन्सं, यांना नदीपलीकडे लेकीकडे जायचंय.

दोन वर्षांपूर्वीचं तुम्हाला ठाऊक आहेच. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या ब्रशने रंगवणाऱ्या पेंटरच्या लेकीने पलीकडे फ्लेक्स छापायचं दुकान टाकलं, आणि पहिला फ्लेक्स टांगला तो नेमका पुलाच्या कठड्यावर. हे तिथून तसेच माघारी आले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या पुलावर मी पाय ठेवणार नाही." लेकीनेही तिकडून निरोप धाडला, बाबांनी बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडणार नाही. खाण तशी माती. मी तेवढी मधल्या मध्ये बुधवारी पुलावरून जाऊन येते, भाजीच्या निमित्ताने. पलीकडे भाजी स्वस्त असते हे यांना पटलंय. परत आल्यावर भाजीची चौकशी मात्र इतकी बारीक करतात की काय सांगू. "ताजी होती का? बारीक तर नव्हती झाली? हसतमुख होती का?" हसतमुख भाजी, वन्सं!

तर आता शब्दही मोडायचा नाही आणि जायचं तर आहे, म्हणून पाण्यावरून जाणार. सगळी गल्ली पाहत असताना दिलेला शब्द आहे ना.

तुम्ही होड्यांच्या कारखान्यात जन्म काढलात. ही होडी बुडणारच नाही असं काही करता येतं का? मला दोन्ही हवेत, नवरा जिवंत आणि लेक घरात. एक मिळवताना दुसरं गेलं, असं व्हायला नको.

फोन केला असता, पण मशीनच्या आवाजाने तुमचे कान गेले. मोबाइलवर लिहिलं तर माझ्याआधी हेच वाचतात. पत्र मात्र दुसऱ्याचं उघडत नाहीत, ते म्हणे असभ्यपणाचं असतं.

तुमची
वहिनी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र वाचून आधी हसून घेतलं, मग चष्मा पुसून लिहायला बसले. दादा लहानपणी असाच होता. आईने खोलीबाहेर जायचं नाही म्हटलं की खिडकीत बसून पाय बाहेर सोडायचा.

आता कामाचं. होडी पाण्याने भरली तरी तरंगत राहिली पाहिजे, त्यासाठी तिच्या पोकळ्यांत फोम भरतात. फोम भरला की तिथे पाण्याला जागाच उरत नाही. आमच्याकडे प्रत्येक होडीला भरायचो. दोन डबे मिळतात, पातळ औषधासारखं असतं त्यात. दोन्ही सारखं मोजून एकत्र ढवळायचं आणि लगेच ओतायचं. बघता बघता ते फुगतं आणि दगडासारखं घट्ट होतं. थोडं थोडं ओतायचं, नाहीतर फुगून होडीच फाडील. हाताला लागू देऊ नका, कातडीसकट निघतं. थर्मोकोल वापरू नका, पेट्रोलचा थेंब पडला तरी विरघळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, यात चूक झाली तर सगळं मुसळ केरात: फोम काठाला भरायचा, दोन्हीकडे सारखा. दादा वाद घालील. त्याला म्हणावं, तुझ्या चिमणीने, म्हणजे मी, सांगितलंय, बास.

मला विचारशील तर एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा त्याचा कान धरून पुलावरून ने. पण माझा कान चालत नाही आणि त्याचा कुणी धरत नाही.

वन्सं


२६ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही सांगितलंत तस्सं केलं, अक्षरशः. आता माझ्या जिवाला जरा स्वस्थता आहे.

आधी हे म्हणाले, अंगणातच भरू, सावली आहे, पाण्याचा नळ आहे. मी म्हटलं, अजिबात नाही, चिमणीवन्संनी काठाला भरायचा म्हणून सांगितलंय, तर काठालाच. मग हातगाडी आणली, गल्लीतली चार माणसं बोलावली आणि होडी नदीच्या काठाला नेली. नेताना तुम्हाला दोन शिव्या बसल्या, त्या मी इथे देत नाही. पण तिथे गेल्यावर मला तुमचं म्हणणं पटलं. भरल्यावर होडी जड होते, मग अंगणातून नेणं जमलं नसतं. अनुभवाला तोड नाही हेच खरं.

आता मजा ऐका. "दोन्हीकडे सारखा" हे वाचून दाखवलं तेव्हा यांचा चेहरा बघायला हवा होता. अगदी सहज म्हणाले, "म्हणजे निम्मा या काठाला आणि निम्मा त्या काठाला?" मी म्हटलं, असेल बाई, वन्संनी लिहिलंय तसं. म्हणाले, "तिने लिहिलंय तर करायलाच हवं. ते औषधाचं काम असतं, हवामान दोन्ही काठांचं वेगळं." असं म्हणताना इतके खूश की मला कळेना हसू की रडू. मासे धरायची गोष्ट त्या दिवसापासून बंद. आता विचारलं की ठणकावून सांगतात, बहिणीने सांगितलंय म्हणून पलीकडे जावं लागतंय, माझी काही हौस नाही. तुम्ही किती विचार करून लिहिलंत ते, वन्सं. यांना निमित्त मिळावं म्हणूनच ना?

पहिले निम्मे डबे इकडे संपवले. होडीच्या तळाच्या फळ्या काढल्या आणि त्याखालची पोकळी पार भरून टाकली. पहिल्याच वेळी जास्त ओतलं, तर दूध उतू जावं तसं फुगून वर आलं आणि यांचा ब्रश, पट्टी आणि एक चप्पल त्यात कायमची बसली. आता एका चपलेवरच आहेत. पण तळ असा घट्ट झालाय की वर उभं राहिलं तरी हलत नाही.

उरलेले डबे पलीकडे न्यायचेत. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी निघणार. नवीन शर्ट इस्त्री करून ठेवायला सांगितलाय, फोम भरायला जाताना घालायला!

वहिनी


२ मार्च

वहिनी,

ताबडतोब वाच आणि ताबडतोब थांबव.

अगं, काठ म्हणजे नदीचा काठ नाही. होडीचा काठ! पातेल्याला असतो तो, परातीला असतो तो. होडीत बसल्यावर आपण हात ठेवतो ती कड, तिच्या खालच्या बाजूने, आतून. दोन्हीकडे म्हणजे डाव्या आणि उजव्या अंगाला. नदीला फोम लागत नाही, वहिनी.

तळाला भरला म्हणजे काय झालं ते नीट ऐक. होडी बुडणार नाही हे खरं. पण आत पाणी शिरलं की फोम वर यायला बघतो, आणि फोम तळाला असला की तळच वर येतो. होडी पालथी होणार आणि पालथीच राहणार. ती तरंगत राहील, दादा खाली असेल.

तो तळ आता खरवडून निघायचा नाही. त्याला जाऊ देऊ नको. मोबाइलवरही हेच लिहून टाकलंय, दादाने वाचलं तर वाचू दे.

मी एका शब्दाने एवढं केलं. या वयात कामाची कागदं लिहायला नको होती मी. उत्तर लगेच लिही.

वन्सं


९ मार्च

चि. चिमणीस,

तू वहिनीला पत्रं लिहितेस असं कळलं. मी ती वाचत नाही. तरी होडीच्या बाबतीत तू केलेल्या मदतीबद्दल लिहिणं माझं कर्तव्य आहे.

काल सकाळी पाण्यावर सहज एक फेरी मारली. होडी उत्तम आहे. फोमला मानलं. बुडाली नाही, हे मी स्वतः खात्रीने सांगू शकतो. वाळूची एक बोट जवळून गेली तेव्हा लाटेने थोडी कलली. तुझ्या माहितीसाठी विचारतो, साधारण होडी किती कलली म्हणजे कलली म्हणतात? होडीचा तळ अतिशय मजबूत असून तो मला जवळून पाहता आला.

उरलेले दोन डबे नदीत पडले, त्यामुळे पलीकडच्या काठाचं काम राहिलं. त्याची आता घाई नाही.

थोडी सर्दी आहे, बाकी क्षेम. तुझा मोबाइलवरचा निरोप मला मिळाला नव्हता. मिळाला असता तरी मी मधोमध बसलो होतो.

दादा


१० मार्च

वन्सं,

यांनी तुम्हाला पत्र टाकलंय म्हणे. त्यात काय लिहिलं असेल याचा अंदाज आहे. आता खरं ऐका.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. वाचून तशीच यांच्याकडे धावले. पण यांनी तुमचा निरोप त्याआधीच मोबाइलवर वाचून पुसून टाकला होता, हे मला भांडताना कळलं. "हिला काय कळतंय, काठ म्हणजे काठच," असं म्हणाले. मी रडले, ओरडले, वल्हं लपवलं. त्यांनी काठीला पत्रा ठोकून नवीन वल्हं केलं. मग माझ्या लक्षात आलं, वन्सं, यांना तुमचं म्हणणं कळलं होतं. पण काठ म्हणजे होडीचा काठ असं मान्य केलं की पलीकडे जायला कारणच उरत नव्हतं. लेकीची आठवण येते एवढं म्हणायला यांची जीभ उचलत नाही, त्यापेक्षा बुडणं सोपं.

तेव्हा मी एवढंच केलं. रंगाचे दोन रिकामे प्लॅस्टिकचे डबे, झाकणं पक्की लावून, यांच्या काखेखालून दोरीने बांधले. माझ्या समाधानासाठी म्हणून बांधून घेतले. आणि लेकीला फोन केला, रविवारी सकाळी तुझे बाबा पालथे होणार आहेत, तिथे थांब. ती म्हणाली, बोलावल्याशिवाय... मी म्हटलं, बुडणारा माणूस आमंत्रणपत्रिका पाठवत नाही, गधडे.

मी या काठाला उभी होते. निम्म्यात जाईपर्यंत छान गेले. वल्ह्याचा ताल नव्हता, पण ऐट होती. मग वाळूची बोट गेली, लाट आत आली, हे घाबरून उभे राहिले, आणि तुम्ही लिहिलं होतंत अगदी तसं झालं. पाण्यावर नुसता पांढरा तळ दिसत होता आणि माणूस नव्हता. मी कुणाला हाका मारल्या तेही आठवत नाही.

मग डबे वर आले, दोन डब्यांच्या मधून हे आले. होडीला धरून धरून वर चढले आणि पालथ्या तळावर बसले. फोमने तो तळ असा भक्कम झाला होता की हलेना. तिथे बसून आधी शर्ट झटकला.

पाणी संथ होतं, तसे वाहत वाहत पुलाखाली आले. लेक पुलावर उभी होती, कारण तिथून सगळी नदी दिसते. तिने कठड्यावरचा स्वतःचा फ्लेक्स सोडवला आणि त्याच्या दोऱ्या खाली टाकल्या. फ्लेक्सचं एक टोक लोंबत यांच्या तोंडासमोर आलं. दोन वर्षांत यांनी तो जवळून पाहिलाच नव्हता. भिजलेल्या चष्म्यातून वाचला, मान वर केली आणि दोन वर्षांनी लेकीशी पहिला शब्द बोलले. (हे मला तिने सांगितलं, मी लांब होते.)

"आशीर्वाद चुकलाय. शी दीर्घ असतो."

ती म्हणाली, "मग येऊन दुरुस्त करा."

"येतोच आहे. दोरी नीट धर."

दोरी धरून ती पुलावरून चालत गेली आणि हे खाली होडीच्या पाठीवर बसून तिच्यामागे. पुलावर पाय न ठेवता पलीकडे पोहोचले. दुकानात ओल्या कपड्यांनिशी बसून आधी तो शी नीट केला, ब्रशने, मग टॉवेल मागितला.

घरी तिने स्कूटरवरून आणलं. पुलावरून! मी विचारायच्या आत म्हणाले, पाय पायदानावर होते. लेक दाराबाहेरच थांबली, उंबरठ्याच्या पलीकडे. हे आत खुर्चीत कुडकुडत बसलेले. मला वाटलं आता ती परत जाते. तेवढ्यात हे खेकसले, "दारात उभी राहून काय बघतेस, पंचा आण."

ती आत आली. पंचा कुठे असतो ते तिला सांगावं लागलं नाही. आमच्या घरात याला बोलावणं म्हणतात, वन्सं. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडून घेतलं.

वहिनी


१५ मार्च

वहिनी,

दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. दादाचं आधी वाचलं, आणि होडी किती कलली याचं उत्तर त्याला पाठवते आहे: पूर्ण.

कारखान्यात मी शेकडो होड्या बरोबर भरल्या, त्यांपैकी एकीचंही काही कुणाच्या लक्षात नाही. चुकीची भरलेली ही एकच, आणि तिनेच त्याला पाठीवर घेतलं. काठाला बरोबर भरला असता तर तो आतल्या पाण्यात बसून राहिला असता आणि आपला आपण वल्हवत परत आला असता. म्हणजे माझ्या ज्ञानाचा उपयोग झाला नाही, माझ्या एका शब्दाचा झाला. हे कुणाला सांगू नको.

पण एक प्रश्न मला झोपू देत नाही. पायदानावर पाय ठेवून पूल ओलांडला तर शब्द मोडत नाही, असं त्याचं म्हणणं. मग अगं, त्याची सायकल आहे ना?

वन्सं


२ एप्रिल

वन्सं,

आहे. दोन वर्षं दारातच उभी होती. तुमचं पत्र वाचल्यावर मी बाहेर जाऊन तिच्याकडे बराच वेळ बघत बसले आणि मला यांचा इतका राग आला की दुपारभर बोलले नाही. होडी, फोम, हातगाडी, एक चप्पल, माझा अर्धा जीव. आणि सायकलला नुसती हवा भरायची होती.

आता रोज दुपारी सायकलने जातात. लेक कॉम्प्युटरवर करते, हे मागे उभं राहून ऱ्हस्व-दीर्घ बघतात आणि कॉम्प्युटरला नावं ठेवतात. परवा तिने एका गिऱ्हाइकाला सांगितलं, बाबांनी पाहिल्याशिवाय छापत नाही. हे ऐकून घरी आले आणि मला म्हणाले, पोरीला अजून काही येत नाही. तोंडभर हसत म्हणाले.

गल्लीत कुणी पुलाचं विचारलंच तर उत्तर तयार आहे: पाय पेडलवर असतात. लोक मान डोलवतात. शब्दाचा पक्का माणूस म्हणून आधीपेक्षा जास्त मान देतात.

काल बुधवार. भाजीची आता गरज नाही, पण सवय. मी पुलावरून जात होते आणि हे पुढे सायकलवर. बरोबर मध्यावर यांच्या सायकलची चेन उतरली. कठड्याला एक हात धरून हे तसेच बसून राहिले, दोन्ही पाय पेडलवर, सायकल डुगडुगतेय. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवायला लागला. यांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. मी खांबाच्या आड होते, मी दिसले नाही.

मग हळूच एक पाय खाली ठेवला. मग दुसरा. चेन बसवली, हात रुमालाला पुसले. आणि लगेच सायकलवर चढले नाहीत, वन्सं. तसेच पुलावर दोन्ही पाय टेकून उभे राहिले, पलीकडे तिच्या दुकानाकडे बघत.

मी तोंड फिरवून नदीकडे पाहत राहिले. मी काही पाहिलं नाही. तुम्हीही काही वाचलं नाही.

वहिनी